आपांनी वाचलेले आकडे

माझे अक्षर चांगले नाही. ओळी उताराला लागल्यासारख्या खाली जातात. कुठे पहिली वेलांटी द्यायची आणि कुठे दुसरी, हे मला चौथीतही कळत नव्हते, आणि शाळा सुटून तर आता तीस वर्षे झाली. ही वही माझ्या मुलीची आहे, तिची मागची पाने कोरी राहिली होती. कोणी ती उघडलीच तर चुकांबद्दल आधीच माफी मागते. मला बोलायला जमत नाही. चार माणसांत आवाज घशातच राहतो. म्हणून जे बोलायचे राहिले ते लिहून काढते. आज रझियाआपांना जाऊन चाळीस दिवस झाले. त्यांच्या घरून दुपारी जेवणाचे ताट आले होते. ते मला गेले नाही.

आमच्या धावडा गावात आपांचा हात ज्या बाईने धरला नाही अशी बाई सापडणार नाही. त्या बांगड्या भरायच्या. नवरा गेल्यावर त्याची टोपली त्यांनी डोक्यावर घेतली आणि पोरगी शबाना लहानाची मोठी केली, तिचे लग्न करून वाटूरला दिली. ठेंगणा बांधा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि तळहात इतके मऊ की काचेत जन्म काढलेल्या बाईचे ते हात आहेत हे खरे वाटू नये.

लग्नानंतरच्या पहिल्या सणाला सासूबाईंनी त्यांना घरी बोलावले होते. मी हात पुढे केला तो लाकडासारखा.

“हात ढिला सोड, बाई,” आपा म्हणाल्या. “हात ताठ केला की बांगडी फुटते, अन् रक्त तुझंच निघतं.”

मला हात सैल सोडता येईना. मग आपांनी माझी बोटे दाबत दाबत विचारले, “सासू कशी हाय? खरं खरं सांग. बाजूलाच बसली हाय, तिला बराबर ऐकू जाईल असं सांग.”

सासूबाई म्हणाल्या, “आपा, माझ्या सुनेला पहिल्याच दिवशी बिघडवून राह्यल्या का?”

मला हसू आले. खाली पाहिले तर हातात सहा बांगड्या होत्या.

“कधी भरल्या?” मी विचारले. या गावात परक्या माणसाशी मी बोललेले ते पहिले वाक्य.

“तू हसलीस तवा.”

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायची आमच्याकडे रीत आहे. मी वाकले तशी आपांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर बावीस वर्षे माझ्या हातात दुसऱ्या कोणी बांगडी घातली नाही.

आपा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. मराठी त्या शबानाच्या पुस्तकातून शिकल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हते, पण इंग्रजीतले आकडे येत होते, कारण बांगड्यांच्या खोक्यांवर माप इंग्रजीत छापलेले असते. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. एवढ्या शिदोरीवर त्या आमच्या गल्लीच्या वाचणाऱ्या झाल्या. गॅसची गाडी आली की टाकी देणारा माणूस मोबाइलवर आलेला नंबर मागतो. नंबर सांगितला तर टाकी उतरते, नाही तर गाडीवरच राहते. गाडीचा आवाज आला की आम्ही बायका मोबाइल घेऊन आपांच्या ओट्याकडे पळायचो. त्या चष्मा सावरून एकेक आकडा मोठ्याने म्हणायच्या आणि तो माणूस लिहून घ्यायचा.

“हळू लिही रे,” त्या त्याला म्हणायच्या. “आकडे काय पळून नाही चालले.”

सरकारचे महिन्याचे पैसे सुरू झाले तेव्हा खाते जोडायला आलेल्या माणसानेही असाच नंबर मागितला होता. तोही आपांनीच वाचला. मेसेजमध्ये आकड्यांच्या आजूबाजूला जे इंग्रजी असते त्याचे काय करायचे, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. टाकी मिळत होती. पैसे येत होते.

पिनच्या बाबतीत मात्र आपा फार कडक. बँकेत एकदा बाईंनी समजावून सांगितले होते की पिन कोणाला सांगायचा नाही, ते त्यांनी मनावर कोरून घेतले. आम्हाला भोकरदनला पैसे काढायच्या मशीनवर न्यायच्या, सगळे दाखवायच्या, आणि पिन दाबायची वेळ आली की स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. आमच्या गल्लीतल्या गोदाकाकूंना आपला पिन आठवत नसे. त्या म्हणाल्या, “आपा, तुम्हीच ध्यानात ठेवा ना.” आपांनी कानांवर हात ठेवले. “तौबा. नवऱ्याला बी नाही सांगायचा, अन् मी तर बांगडीवाली.”

आमच्या बचत गटात अकरा बायका. आपा गटात नव्हत्या, पण बैठक त्यांच्याच ओसरीत व्हायची, दुपारी, जेवणे उरकल्यावर. त्या दिवशी सगळ्या जमलेल्या असतानाच आपांचा फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा केला, कारण आपांना आमच्यापासून लपवून बोलायचे असे काही नसायचे.

“अस्सलाम अलैकुम. रझियाआपा बोलून राह्यल्या का? मी बँकेच्या मोठ्या ऑफिसातून बोलतो.”

त्याला आमच्या गटाचे नाव माहीत होते. बैठकीचा दिवस माहीत होता. तो म्हणाला की गटातल्या सगळ्या बायकांची माहिती आज पाचच्या आत नवी करायची आहे, नाही तर खाती बंद पडतील आणि सरकारचे पैसे परत जातील. मग म्हणाला, “आपा, तुमच्यासारखी एक बाई प्रत्येक गावात असती तर आमचं काम किती आसान झालं असतं.”

आपांनी चष्मा पुसला. “हमारा क्या, साहेब. गल्लीतल्या बाया हायेत, आपल्याच हायेत.”

“माझी अम्मी बी अशीच बोलते,” तो म्हणाला, आणि आपा हसल्या. मग तो म्हणाला, “एक गोष्ट लक्षात ठेवा. पिन मला सांगू नका. मलाच काय, कोणालाच सांगू नका.”

आपांनी आमच्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखा. “ऐकलं का? साहेब खरा हाय. पिन नको म्हणतो.”

मग बायका घरी जाऊन कार्डे घेऊन आल्या. आपांनी ओळ लावली, गॅसच्या दिवशी लावायच्या तशी. एकेकीच्या कार्डावरचे आकडे वाचले, कार्ड उलटून मागचे तीन वाचले, मग मोबाइल वाजला की त्यात आलेला नंबर वाचला. तो मध्ये मध्ये म्हणत होता, “वा आपा, एक आकडा चुकला नाही.” मी पाचवी होते. माझा मोबाइल वाजला तेव्हा तो माझ्याच हातात होता. इंग्रजी मला तेव्हा येत नव्हते, पण बिस्किटाच्या पुड्यावर रुपयाची जी खूण असते ती मला ओळखता येत होती. मेसेजमध्ये ती होती, आणि पुढे चार आकडे. ते नऊ हजार आठशे पन्नास होते, हे नंतर कळले. माझ्या खात्यात मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी जमवलेले दहा हजारांच्या आतबाहेर होते.

माझ्या मनात आले की माहिती नवी करायची तर रुपये कशाला. ते तिथेच राहिले. आपांनी मोबाइल घेतला आणि सहा आकडे वाचले.

अकरावी बाई झाल्यावर तो म्हणाला, आज कोणी मोबाइलला हात लावू नका, काम अर्धवट राहील. आपांनी सगळ्यांसाठी दूध घालून चहा केला. गोदाकाकू म्हणाल्या, “आपा, तुम्ही नसत्या तर आमी काय केलं असतं?” त्या दिवशी ते सगळ्यांनाच खरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाकाकू अंगठा लावून पैसे काढायला गेल्या. खात्यात एकोणीस रुपये होते.

आपा आम्हाला घेऊन जीपने बँकेत गेल्या. तिथल्या बाईंनी एकेक पासबुक मशीनमध्ये घालून दिले आणि प्रत्येकीला तेच सांगितले. मग आपांना बसायला खुर्ची दिली. म्हणाल्या, “बँक फोन करून कार्डाचा नंबर मागत नाही, आपा. मेसेजमधला नंबर तर कधीच मागत नाही. घाई लावली, खातं बंद होईल म्हणाला, की फोन ठेवायचा आणि सरळ इथं यायचं.” त्यांनी माझा मोबाइल घेतला. “हे बघा, मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. हा नंबर कोणालाही सांगू नका.”

“कुठं?” आपांनी विचारले. “बोट ठेवा.”

बाईंनी बोट ठेवले. आपांनी चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि त्या ओळीकडे पाहत राहिल्या. ती ओळ अकरा मोबाइलवर होती. अकरा वेळा त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली होती. शेवटी हळूच म्हणाल्या, “आकड्याच्या बाजूलाच होतं.”

पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी तक्रार लिहून घेतली. त्या म्हणाल्या, अशा वेळी सरकारचा एक नंबर असतो, तिथे त्याच घडीला फोन केला असता तर पैसे मधेच अडवता आले असते. रात्र मध्ये गेली होती. पैसे चार खात्यांतून फिरून कुठे गेले ते कळले नाही. एक रुपयाही परत आला नाही.

गावात बोलणी सुरू झाली. गोदाकाकू पाण्याच्या टाकीजवळ म्हणाल्या, “तो साहेब आपा म्हणला अन् या विरघळल्या.” एकीचा नवरा आपांच्या दारासमोर उभा राहून म्हणाला, “कमिशन किती भेटलं?” आपा आत भाकरी करत होत्या. त्यांनी तवा उतरवला नाही, बाहेर आल्या नाहीत. संध्याकाळी मात्र त्या अकरा घरी गेल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून प्रत्येकीला म्हणाल्या, “तुझे इतके गेले. मी देणार.”

माझ्याकडे आल्या तेव्हा मी कसेबसे म्हणाले, “आपा, चोर तो. तुम्ही काहून देता?”

“वाचले मी,” आपा म्हणाल्या.

शबानाने वाटूरहून फोन करून रडून सांगितले की अम्मी, असे करू नको, तुझ्या अंगात साखर आहे. आपांनी ऐकले नाही. गावात बांगड्या विकून एवढे पैसे उभे राहणार नव्हते. त्या टोपली घेऊन आसपासच्या गावांत जाऊ लागल्या, बाजाराच्या दिवशी भोकरदनला. जीपचे भाडे वाचावे म्हणून जवळची गावे पायी करायच्या. एकीचे पैसे पूर्ण जमले की बँकेत जाऊन, रांगेत उभ्या राहून, तिच्या खात्यात पावती भरून टाकायच्या. मी एकदा म्हणाले, रोख हातात दिले तर फेरा वाचेल. त्या म्हणाल्या, “ज्या दारानं गेले त्याच दारानं येऊ दे.”

त्या चार वर्षांत मला पैशांपेक्षा दुसरेच जास्त दिसत होते. गॅसची गाडी यायची, आपा ओट्यावर येऊन बसायच्या, चष्मा लावायच्या. बायका त्यांच्यासमोरून मोबाइल घेऊन पिठाच्या गिरणीवाल्याकडे जायच्या. ज्यांचे पैसे परत मिळाले होते त्यासुद्धा. पैसे जमा झाल्याचा मेसेज आपांनीच पाठवल्यासारखा होता, आणि तो वाचून घ्यायलाही त्या बायका गिरणीतच गेल्या. गाडी निघून गेली की आपा चष्मा काढून पदराने पुसायच्या. तोपर्यंत तो स्वच्छच असायचा.

तोवर माझ्या मुलीने मला घरी बसवून मेसेज वाचायला शिकवले होते. मला कोणाकडे जावे लागत नव्हते. आपांकडेही नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर शेजारच्या गावी गेले. मला वाटले होते की परगावी त्या ही गोष्ट झाकून ठेवत असतील. ओसरीत सात-आठ बायका बसल्या होत्या. आपांनी एका नव्या सुनेचा हात हातात घेतला, बोटे दाबली आणि सांगायला लागल्या. “मी कशी फसले ते सांगू का?” आणि सगळे सांगितले. साहेबाचा सलाम, त्याची अम्मी, दुधाचा चहा. बायका आधी हसल्या. त्याही हसत होत्या. मग म्हणाल्या, “बघ, तुझ्या हातात चार गेल्या. तुला समजलं का? न्हाई. मी बोलत राह्यले अन् तुझं ध्यान माझ्या तोंडाकडं. त्यानं तेच केलं. माझाच धंदा माझ्यावर चालवला.” सून हाताकडे बघत राहिली. आपा म्हणाल्या, “फोनवर कोणी लै गोड बोललं, तुझी तारीफ केली, जल्दी कर म्हणला, तर आपला हात बघायचा. काय भरून राह्यला ते बघायचं.”

येताना रस्त्यात मी विचारले, “आपा, लाज नाही वाटत?”

“वाटते ना. एकेका गावात एकेकदा वाटते.”

नंतर एकदा तसाच फोन परत आला. आवाज दुसरा होता. आपांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि गल्लीतल्या बायकांना हाताने बोलावले. आम्ही चौघी-पाच जणी आलो. आपा त्याला म्हणाल्या, “थांब बेटा, कार्ड शोधते,” आणि आम्हाला म्हणाल्या, “ऐकून ठेवा. अशीच चाल असते.” तो घाई करत राहिला. शेवटी आपा म्हणाल्या, “तू बँकेतच हाय ना? मंग उठू नको. मी जीपनं निघाले, अर्ध्या घंट्यात तुझ्या खुर्चीपाशी येते.” फोन कट झाला. आम्ही खूप हसलो. गोदाकाकूही हसल्या. पण पुढच्या गॅसला मोबाइल घेऊन त्या गिरणीतच गेल्या.

चौथ्या वर्षी पायाला चप्पल लागून जखम झाली. साखरेमुळे ती भरेना. आपांनी फडके बांधले आणि चालत राहिल्या. दहा जणींचे पैसे देऊन झाले होते, मी एकटी राहिले होते. मी हात जोडून सांगितले की माझे नकोत, मुलीची फी भरून झाली, ती कामालाही लागली. त्या म्हणाल्या, “मुलगी लागली, हे लै चांगलं झालं. पैसे वेगळे.” आधी बोट काढले, मग जालन्याच्या दवाखान्यात अर्धे पाऊल. शबाना त्यांना सांभाळायला येऊन राहिली. टोपली खुंटीला लागली.

मग एका सकाळी माझा मोबाइल वाजला. नऊ हजार आठशे पन्नास. आपांनी तोवर जमवलेले पैसे देऊन शबानाला बँकेत पाठवले होते. मी मेसेज वाचला. सगळा वाचला, शब्दसुद्धा. मग मोबाइल घेतला आणि आपांच्या घरी गेले.

त्या खाटेवर होत्या. पाय चादरीखाली. चेहरा इतका बारीक झाला होता की चष्मा मोठा वाटत होता.

“आपा,” मी म्हणाले, “मेसेज आलाय. वाचून देता का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तुला वाचता येतं, सुमन.”

“तरी.”

त्यांनी हात पुढे केला, पण मोबाइल घेण्याआधी माझा हात धरला, सवयीने, आणि बोटांची हाडे दाबू लागल्या. तेव्हा माझ्या तोंडून ते निघाले. मी सांगितले की त्या दिवशी मला रुपयाची खूण दिसली होती. मी बोलले असते तर निदान सहा जणींचे वाचले असते. चार वर्षे तुम्ही चालत होता आणि मला माहीत होते. माझा हात परत लाकडासारखा झाला होता.

“हात ढिला सोड,” आपा म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तू तोंड उघडलं होतं. तुला आठवत न्हाई का? तू ‘आपा’ म्हणलीस. मी ओठावर बोट ठेवलं. साहेब लाइनवर हाय, मधी बोलू नको, असं केलं.”

मला खरेच आठवत नव्हते. आजही आठवत नाही. त्या खरे सांगत होत्या की माझा हात सैल व्हावा म्हणून बोलत होत्या, हे मला आता कोणाला विचारता येणार नाही.

“म्हणून तुझे शेवटी ठेवले,” आपा म्हणाल्या. “पैसे भरले की सांगायला सगळ्यांच्या दारात गेले. तुझ्या दारात यायला लै जड जायचं.”

दारात उभी असलेली शबाना आतल्या खोलीत गेली. आपांनी चष्मा सावरला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि ओट्यावरून म्हणायच्या तसे मोठ्याने म्हणाल्या, “नऊ. आठ. पाच. शून्य.” पण आता तो आवाज दारापर्यंतसुद्धा पोचला नसता. मग त्या थांबल्या. आकड्यांच्या बाजूला बोट ठेवले.

“अन् इथं काय लिहिलंय?”

मी वाकून पाहिले. “जमा झाले, असं लिहिलंय, आपा.”

“पुरं वाच. एक बी शब्द सोडू नको.”

मी पूर्ण वाचले. एक शब्द सोडला नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, आणि माझा हात त्यांच्या हातात होता. वाचून झाल्यावर त्यांनी तो हळूच सोडला, जसा बांगड्या भरून झाल्यावर सोडायच्या. मी वाकून नमस्कार केला. अकरा जणींचे पैसे पूर्ण फिटले होते.